एकेचाळिसावा बार

लेखनिकांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, आणि ती आजवर काही कोटी लोकांनी ऐकली आहे. ऐकून लोक खूश होतात, टाळ्या वाजवतात. चूक कोणाची हे मात्र कोणाला ठाऊक नाही. म्हणजे आपल्याला ठाऊक आहे असं लोकांना वाटतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

लेखनिक हे त्यांचं नाव नव्हे, काम. एका रेकॉर्डिंग कंपनीत ते नोटेशन उतरवायला होते. गाण्याचे संगीतकार, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते एका लांबरुंद कागदावर सगळ्या वाद्यांचं एकाखाली एक लिहीत. त्यातून व्हायोलिनवाल्याचा वेगळा कागद, गिटारवाल्याचा वेगळा, असे बावीस-पंचवीस कागद लेखनिक तयार करत. प्रत्येकाचा कागद म्हणजे त्याचा पार्ट. कोणी केव्हा वाजवायचं हे पार्टवर असतं. कोणी केव्हा गप्प बसायचं हेही असतं, आणि ते जास्त महत्त्वाचं, कारण वाजवायला सगळ्यांनाच येतं.

लेखनिक तेव्हा चोवीस वर्षांचे होते. लग्नाला चार महिने झाले होते, नोकरीला दोन. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कृपेने मिळालेल्या. तो माणूस म्हणजे त्यांचे मेहुणे, बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणे बासरी वाजवत. आधी त्यांनी घरी लेखनिकांचं स्थळ सुचवलं आणि मग मास्तरांकडे शब्द टाकून नोकरी लावून दिली. अशा मेहुण्याचे उपकार फेडता येत नाहीत, निदान त्याला त्रास तरी होऊ नये एवढं बघायचं असतं.

आता ते गाणं. त्यात एक बाई खिडकी बंद करू की उघडी ठेवू, असा विचार साडेतीन मिनिटं करते. शेवटपर्यंत ठरवत नाही. यापलीकडे त्यात काहीही नव्हतं, आणि आजही नाही. पण मास्तरांनी चाल बरी बांधली होती, आणि मधोमध, शेवटी जे रेकॉर्ड झालं त्या हिशेबाने चाळीस बार संपल्यावर, एक जागा सोडली होती. चार मात्रांचं एक खोकं म्हणजे एक बार. एकेचाळिसाव्या बारात सगळी वाद्यं थांबणार, गाणारी बाई थांबणार, आणि एकटी बासरी सहा सूर वाजवणार. दोन सेकंदांचा मामला. पण मेहुण्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी एकट्याने वाजवायला सांगितलं होतं. ते आठवडाभर घरी ते सहा सूर घोटत होते. त्यांच्या आईने एकदा विचारलंही, की पुढचं कधी शिकवणार आहेत?

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी मास्तर आले ते नाक फेंदारूनच. गाणं तबकडीच्या एका बाजूत मावत नव्हतं. त्यांनी सुरुवातीच्या सोळा बारांतले आठ छाटून टाकले आणि लेखनिकांना म्हणाले, "सगळ्यांच्या पार्टात दुरुस्ती कर. अर्ध्या तासात." लेखनिकांनी कात्री आणि डिंक घेतला. सोळा लिहिलेल्या जागी आठ लिहिलेली पट्टी चिकटवायची, एवढंच. स्टँडवरचे सगळे कागद गोळा केले, एकेकावर पट्ट्या डकवल्या, परत जागच्या जागी ठेवले. एकवीस कागद झाले. वाद्यं बावीस होती.

बाविसावा कागद जिन्यात होता. मेहुणे तो हातात घेऊन पायरीवर बसले होते आणि सहा सूर घोटत होते. बासरीला एकच तर बार, तिची कसली तालीम, असं म्हणून मास्तरांनी त्यांना मोकळं सोडलं होतं. छाटाछाटीची बातमी जिन्यापर्यंत पोचलीच नाही. लेखनिकांनी बावीस मोजायला हवे होते. त्यांनी मोजलेच नाहीत.

मग लाल दिवा लागला आणि गाणं सुरू झालं. मेहुणे आपल्या कागदाप्रमाणे गप्प बसून मोजत होते. कागदावर सोळा, मग बारा, मग आठ, मग बारा असे तुकडे लिहिले होते. बेरीज लिहायची पद्धत नसते. बाकी सगळ्यांचे चाळीस बार झाले आणि सगळे थांबले. बासरी वाजली नाही. दोन सेकंद त्या खोलीत काहीच वाजलं नाही. मग ठरल्याप्रमाणे सगळे पुढे निघाले, बाई खिडकीच्या दुसऱ्या कडव्यात शिरल्या, आणि बरोबर आठ बारांनी, बाईंच्या ओळीच्या मध्यावर, मेहुण्यांनी जीव ओतून सहा सूर वाजवले.

"थांबा!" मास्तर ओरडले. "चाळीस! चाळीस मोजता येत नाहीत? शाळेत गेला होतास की नाही?"

"मोजले मी," मेहुणे म्हणाले.

"मोजलेस? मग हे काय चाळीस होते?"

मेहुण्यांनी कागदाकडे पाहिलं. बावीस माणसं आपल्याकडे बघत असताना सोळा, बारा, आठ आणि बारा यांची बेरीज कोणालाही येत नाही. तेवढ्यात काचेच्या पलीकडून कंपनीचे साहेब बाहेर आले. म्हणाले, "मास्तर, ते मधेच सगळं बंद पडलं ना, ते झकास होतं. अंगावर काटा आला. ते तसंच ठेवा. बासरी नको."

मास्तर साहेबांना नाही म्हणत नसत. पुढचा टेक बासरीशिवाय झाला. मेहुणे बासरी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसले होते, कारण उठून जा असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

पार्ट गोळा करणं लेखनिकांचं काम. बासरीचा कागद उचलताना त्यांना पट्टी न लावलेला सोळाचा आकडा दिसला. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण नोकरी दोन महिन्यांची होती, आणि मास्तर अजून गुरगुरत होते. पाच मिनिटांनी बोलू, असं त्यांनी ठरवलं. पाच मिनिटांनंतर सांगणं पहिल्यापेक्षा अवघड झालं होतं, आणि पुढे ते दिवसागणिक अवघड होत गेलं. लेखनिक मूग गिळून बसले. दोन दिवसांनी मेहुण्यांनी विचारलं, "भाऊजी, तो माझा कागद कुठंय हो? एकदा बघायचा होता." लेखनिक म्हणाले, "मास्तरांनी ठेवून घेतला." कागद त्यांच्या पिशवीत होता. फाडणं त्यांना जमलं नाही, कारण लेखनिक कागद फाडत नाहीत.

गाणं सहा महिन्यांत घराघरांत पोचलं. लोक रेडिओला पत्रं लिहून ते मागवत आणि त्या दोन सेकंदांची वाट बघत बसत. मास्तर मुलाखतींतून किस्सा सांगू लागले, की एका बासरीवाल्याला चाळीस मोजता आले नाहीत म्हणून ही जागा सापडली. वादकांमध्ये मेहुण्यांचं नाव 'चाळीस' पडलं. मग ते नाव घरी आलं. लेखनिकांची पोरं जन्मली ती मामाला चाळीसमामा म्हणतच. त्या पोरांना बरीच वर्षं वाटायचं की ते मामांचं वय आहे, आणि पुढे मामा साठीचे झाले तरी कोणी ते बदललं नाही. सख्ख्या आईनेही मरताना "चाळीसला बोलवा" म्हटलं. साऱ्या गोतावळ्यात फक्त लेखनिक त्यांना त्या नावाने कधी हाक मारत नसत.

मोजता न येणाऱ्या बासरीवाल्याला कोण बोलावणार? वर्षभरात मेहुण्यांची कामं आटली. मग ते एका औषधांच्या दुकानात लागले, गोळ्या मोजून पुड्या बांधायला. हे काम त्यांनी मुद्दाम शोधून घेतलं असं त्यांच्या बहिणीचं मत होतं. प्रत्येक पुडी ते तीनदा मोजत. गिऱ्हाईक खोकून बेजार झालं तरी तिसऱ्यांदा मोजल्याशिवाय पुडी हातात देत नसत. अडतीस वर्षांत एक गोळी कमी नाही की जास्त नाही. कोणी कौतुक केलं तर म्हणत, "आमचं गणित कच्चं आहे हो, म्हणून सांभाळून."

गाणं मात्र पुन्हा पुन्हा जन्माला येत राहिलं. आधी एका कारखान्याच्या बँडने ते ट्रम्पेटवर बसवलं. त्यांच्या ढोलवाल्याला रिकामी जागा सोसेना, त्याने तिथे दोन ठोके घातले. तेव्हापासून लोक त्या जागी दोन टाळ्या वाजवतात, आणि हे आपण आईच्या पोटातून शिकून आलो अशा थाटात वाजवतात. मग दुसऱ्या भाषेत ते गेलं. तिथे खिडकीची होडी झाली, ती सोडू की बांधू असा प्रश्न झाला, पण जागा तीच. मग एका दंतमंजनाने ते जाहिरातीला घेतलं. सगळं थांबतं, एक माणूस हसतो, दात चमकतात, टिंग. मग एका डिस्कोवाल्याने तेच गाणं दामटून पळवलं आणि ती जागा चौपट लांब केली. त्यात नाचणारे तोल जाऊन पडत, आणि पडणं हीच त्या नाचाची लकब ठरली. मग शाळांमध्ये ते आलं. मग मोटारी मागे घेताना वाजू लागलं. त्या जागी चालक दचकून ब्रेक दाबत. दवाखान्यातल्या लिफ्टमध्ये ते इतकं मिळमिळीत वाजायचं की जागा आली तरी कळायचं नाही. अलीकडे एका मुलीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून, गिटार घेऊन, ते इतकं सावकाश म्हटलं की खिडकी बंद होण्याआधी माणूस म्हातारा व्हावा. जागेवर ती फक्त सुस्कारा सोडते. तो सुस्कारा लोकांना फार आवडला.

लेखनिकांनी या सगळ्यांची वही ठेवली होती. कोणी म्हटलं, कधी, आणि ती जागा किती सेकंदांची, हे स्टॉपवॉच लावून. बायकोला वाटे हा छंद आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. नवी आवृत्ती आली की लेखनिक आधी घाबरत, की ती जागा कोणीतरी सुरांनी भरून काढेल, मूळ कागदाची चौकशी होईल आणि विषय उघडा पडेल. एकतीस आवृत्त्या झाल्या. कोणीच भरून काढली नाही.

गाण्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा रेडिओवरची एक मुलगी वहीचा सुगावा लागून लेखनिकांच्या घरी आली. सगळ्या आवृत्त्यांचा मोठा कार्यक्रम करायचा होता. वही बघून ती हरखली. मग म्हणाली, "आजोबा, एक विचारू? तो मोजायला चुकलेला बासरीवाला, तो हयात आहे का हो?"

"माझा भाऊच तो!" आतून लेखनिकांची बायको म्हणाली. "चाळीस! दोन गल्ल्या सोडून राहतो."

मुलीने मेहुण्यांनाही मंचावर किस्सा सांगायला बोलावलं. आठवडाभराने लेखनिक मेहुण्यांकडे गेले तेव्हा मेहुणे आरशासमोर उभे होते. अंगात नवा सदरा होता, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

"या भाऊजी. बरे आलात. जरा ऐका, आणि कुठे हसू येतं ते सांगा." आणि मेहुणे आरशाला उद्देशून म्हणाले, "मंडळी, मास्तर म्हणाले, चाळीस मोजता येत नाहीत? मी म्हटलं, मास्तर, दहापर्यंत येतात, पुढे बूट काढावे लागतात आणि तेही पुरत नाहीत!" त्यांनी थांबून आरशाकडे पाहिलं. "इथे थांबायचं. इथे लोक हसतील."

लेखनिकांना हसू आलं नाही. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या चुकीवर स्वतःला हसवायची तालीम करत होता. लेखनिकांनी पिशवीतून कागद काढला आणि मेहुण्यांच्या हातात दिला. म्हणाले, "सोळाच्या जागी आठ हवे होते. पट्टी लावायची मीच विसरलो. तू बरोबर मोजलंस."

मेहुण्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून बेरीज केली. मग दुसऱ्यांदा केली. मग तिसऱ्यांदा.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले.

"हो."

"मी अठ्ठेचाळीसच मोजले होते."

"हो."

मेहुणे पलंगावर बसले. लेखनिक उभेच होते. शिव्या बसतील, कागद तोंडावर फेकला जाईल, पन्नास वर्षांचं येणं-जाणं तुटेल, याची त्यांनी घरून निघताना तयारी केली होती. आणि खरं सांगायचं तर, बोलून टाकल्यावर त्यांना हलकंही वाटत होतं, आणि त्या हलकं वाटण्याची लाजही वाटत होती.

"तुम्ही मला कधी चाळीस म्हणाला नाहीत," मेहुणे म्हणाले. "मला वाटायचं, भाऊजी किती मोठ्या मनाचे."

मेहुण्यांनी कागद गुडघ्यावर सपाट केला आणि ते सहा सूर गुणगुणले. लेखनिकांनी ते लिहिले होते, पण नीट ऐकत होते पहिल्यांदाच.

"कसे वाटले?"

"बरे आहेत."

"खरं सांगा. निदान आता तरी."

"सामान्य आहेत," लेखनिक म्हणाले.

"अगदी सामान्य. हे वाजलं असतं तर दोन महिन्यांत लोक गाणं विसरले असते. हे मला कधीच कळून चुकलंय. दुकानात गोळ्या मोजताना रेडिओवर गाणं लागायचं, ती जागा यायची, गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. मी मान वर करायचो नाही. पण मनात म्हणायचो, वाजवा लेको, ही माझी आहे. मी चुकलो म्हणून आहे." त्यांनी चष्मा काढला. "दात चमकले तिथेही माझी, आणि ती मुलगी सुस्कारते तिथेही माझी. हसत होते लोक मला, हसू देत. पण साऱ्या जगात वाजतंय त्यात माझं काहीतरी होतं. आणि आज तुम्ही कागद घेऊन आलात. म्हणजे मी बरोबर होतो. बरोबर मोजणारे काय, बावीस होते तिथे. मग माझं काय उरलं, भाऊजी?"

"मी तुझ्यावरचा ठपका पुसायला आलो होतो," लेखनिक म्हणाले.

"पन्नास वर्षांपूर्वी यायचं होतंत. बैल गेला आणि झोपा केला. तेव्हा तो ठपका होता. आता तोच माझा जमीनजुमला आहे." मग म्हणाले, "ताईला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू." त्यांनी कागद घडी घालून परत दिला. चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. लेखनिक आणि त्यांची बायको तिसऱ्या रांगेत बसले. मेहुणे येतील की नाही याचा लेखनिकांना भरवसा नव्हता, पण ते नव्या सदऱ्यात आले आणि त्यांच्याकडे न बघता पहिल्या रांगेत जाऊन बसले. बँडचं झालं, होडीचं झालं, दंतमंजनाचं टिंग झालं. जागा आली की हजार माणसं दोन टाळ्या वाजवत. लेखनिकांचे हात मांडीवरच होते. मग रेडिओवरच्या मुलीने मेहुण्यांना मंचावर बोलावलं, आणि टाळ्या एवढ्या पडल्या की मेहुणे मधेच थांबून मागे वळून बघायला लागले, कोण आलं म्हणून.

"आजोबा," ती म्हणाली, "आज खरं खरं सांगायचं. त्या दिवशी नेमकं काय झालं?"

मेहुण्यांनी सांगितलं तर लेखनिकांची जन्माची अब्रू जाणार होती, शेजारी बसलेल्या बायकोसमोर जाणार होती, आणि ते न्यायाचंच होतं. मेहुणे माइकजवळ आले.

"काय होणार?" ते म्हणाले. "मास्तरांनी चाळीस सांगितले, मी अठ्ठेचाळीस मोजले. दहापर्यंत येतात मला, पुढे बूट काढावे लागतात आणि तेही पुरत नाहीत." ते थांबले. बरोबर तिथेच लोक हसले. "पहिल्यापासून गणित कच्चं. घरचे नावच पाडून बसलेत. आता तुम्हीही म्हणा, आपली हरकत नाही."

"चाळीस! चाळीस!" मागून पोरं ओरडू लागली. लेखनिकांची बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. सभागृह त्या आकड्याने दणाणलं, आणि मेहुणे मंचावर हात जोडून उभे होते, ताठ.

लेखनिकांना ते सोसेना. आपण कधी उठलो हे त्यांनाही कळलं नाही. बायकोने बाही ओढली ती त्यांनी सोडवली. "थांबा," ते म्हणाले. "एक मिनिट. मला सांगायचंय. हे खरं नाही." आवाज हळूहळू ओसरला. एक माइक रांगेरांगेतून त्यांच्याकडे येऊ लागला.

मेहुण्यांनी मंचावरून त्यांच्याकडे पाहिलं. कागद परत दिल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं.

"भाऊजी, खाली बसा," ते म्हणाले. "ही चूक माझी आहे."

लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. पुन्हा हशा पिकला, माइक लेखनिकांच्या हातापर्यंत आला आणि त्यांनी तो न घेतल्यामुळे तसाच परत गेला. लेखनिक खाली बसले.